जीमेलचे फिल्टर: आधी शोध, मग लेबल, शेवटी इनबॉक्सबाहेर

फिल्टर म्हणजे येणाऱ्या मेलवर आपोआप चालणारा नियम. तो लावणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. फिल्टर लावला, इनबॉक्स मोकळा झाला आणि दोन महिन्यांनी गॅसच्या बिलावर विलंब आकार लागून आला. मेल आला होता, त्याला लेबलही बरोबर लागलं होतं. पण तो इनबॉक्समध्ये दिसला नाही, फोन वाजला नाही, आणि ते लेबल उघडून बघायची सवय घरात कोणालाच नव्हती.

असं होतं कारण लोक समोर आलेला एखादा मेल उघडतात, त्यावरूनच फिल्टर करतात आणि पहिल्याच फटक्यात 'इनबॉक्स टाळा', 'वाचलेला धरा' अशा सगळ्या चौकटींवर खूण करतात. खरा क्रम असा: आधी शोधून खात्री करायची, मग नुसतं लेबल लावून काही दिवस बघायचं, आणि इनबॉक्समधून मेल हलवायचे ते सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं जीमेलबद्दल आहे. ऑफिसात आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

## तयारी

१. संगणक आणि ब्राउझर लागेल. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही. संगणकावर एकदा तयार केला की तो जीमेलच्या सर्व्हरवर चालतो, त्यामुळे फोनवर मेल आपोआप लेबल लागलेलेच दिसतात. सायबर कॅफेतल्या किंवा दुसऱ्याच्या मशीनवर हे काम करू नका. बँकेचे, कराचे मेल त्यात उघडावे लागतात.

२. मेलचे तीन ढीग कागदावर लिहा. ही पायरी सगळे वगळतात आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. गेल्या तीन-चार महिन्यांचा इनबॉक्स खाली सरकवत जा आणि प्रत्येक नियमित मेल कुठल्या ढिगात जातो ते लिहा.

पहिला ढीग: ज्यावर तारखेच्या आत काहीतरी करायचं असतं. विजेचं बिल यात येतं, मग ते कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टचं असो, उपनगरात अदानी किंवा टाटाचं असो, की मुलुंड-भांडुपकडे महावितरणचं. महानगर गॅसचं बिल, सोसायटीचं मेंटेनन्स, पालिकेचा मालमत्ता कर, शाळेची फी, आयकर खात्याची पत्रंही यातच. विवरणपत्र भरल्यावर ई-व्हेरिफिकेशनला ३० दिवसच मिळतात, हे विसरू नका.

दुसरा ढीग: ज्यावर लगेच काही करायचं नसतं, पण जपून ठेवायचं असतं. बँकेचं मासिक स्टेटमेंट, ब्रोकरची काँट्रॅक्ट नोट, म्युच्युअल फंडाचं एकत्रित विवरण, प्रीमियमची पावती.

तिसरा ढीग: ऑफर, सेल, 'तुमच्यासाठी खास'. वाचलं तर वाचलं.

ढिगानुसारच पुढे ठरतं की मेल इनबॉक्समध्ये राहणार की नाही. पहिला ढीग इनबॉक्समध्येच राहतो. दुसरा आणि तिसरा बाहेर जाऊ शकतात.

> सावधान: ओटीपी आणि खात्यातून पैसे गेल्याच्या सूचना कुठल्याच ढिगात टाकू नका. त्यांना लेबल लावा हवं तर, पण हलवू नका, वाचलेल्या धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून पैसे गेले, तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवस झाले की मर्यादित का होईना, जबाबदारी येते. तो मेल लेबलात न वाचता पडून राहिला तर हेच दिवस हातचे जातात.

## टप्पा १: लेबलं तयार करा, पण थोडी

डावीकडच्या यादीत लेबल्सच्या शेजारी अधिकचं चिन्ह असतं. तिथून लेबल तयार होतं. नाव देवनागरीत दिलं तरी चालतं. सुरुवातीला सहा-सात पुरे: बँक, घरखर्च, सोसायटी, कर, गुंतवणूक, प्रवास, ऑफर. हवं असल्यास 'घरखर्च'च्या आत 'वीज' आणि 'गॅस' अशी उपलेबलं करता येतात. पण प्रत्येक कंपनीला वेगळं लेबल दिलंत, तर महिन्याभरात ती यादीच तुम्ही बघेनासे व्हाल.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण फोल्डरची सवय इथे नडते. जीमेलमध्ये लेबल म्हणजे मेलवर लावलेली चिठ्ठी. मेल एकच असतो, त्यावर चिठ्ठ्या कितीही. 'इनबॉक्स' हीसुद्धा तशीच एक चिठ्ठी आहे. त्यामुळे मेल इनबॉक्समधून काढला तरी तो 'ऑल मेल'मध्ये असतोच. उलट, 'बँक' लेबल उघडून तिथे मेल डिलीट केलात, तर तो फक्त त्या लेबलातून नाही, सगळीकडूनच जातो. अनेकजण "इनबॉक्समध्ये कॉपी आहेच" असं समजून लेबलातले मेल साफ करतात आणि स्टेटमेंट गमावतात. डिलीट केलेला मेल 'बिन'मध्ये, म्हणजे कचरापेटीत, ३० दिवस राहतो. तेवढ्यात लक्षात आलं तर परत आणता येतो. नुसतं लेबल काढायचं असेल तर मेलच्या वर लेबलच्या नावाशेजारची फुली दाबा.

## टप्पा २: खरा पत्ता शोधा

फोनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. फिल्टर नावावर लावू नका, पत्त्यावर लावा. संगणकावर मेल उघडा आणि 'टू मी'च्या शेजारचा छोटा बाण दाबा. तिथे पूर्ण पत्ता दिसतो, मेल कुठल्या डोमेनवरून (म्हणजे पत्त्यातला 'ॲट'नंतरचा भाग) आला आणि त्यावर कोणाची सही आहे ('साइन्ड बाय') तेही दिसतं.

एकाच कंपनीचे मेल बहुधा दोन-तीन पत्त्यांवरून येतात. बिल एका पत्त्यावरून, पावती दुसऱ्या, जाहिरात तिसऱ्या. रेल्वेच्या तिकिटाचं उदाहरण घ्या. गणपतीसाठी कोकणात जायचं तर ६० दिवस आधी आरक्षण उघडतं, आणि त्या तिकिटाचा मेल प्रवासाच्या दिवशी हाताशी हवा असतो. 'प्रवास' लेबलाचा फिल्टर पूर्ण डोमेनवर लावलात, तर तिकिटाबरोबर हॉटेलच्या आणि टूर पॅकेजच्या जाहिरातीही त्याच लेबलात येऊन बसू शकतात. म्हणून जिथे कामाचे आणि जाहिरातीचे मेल एकाच ठिकाणाहून येतात, तिथे पूर्ण पत्ता घ्या. जिथे सगळेच मेल कामाचे असतात, उदाहरणार्थ आयकर खात्याचे, तिथे 'ॲट'च्या चिन्हानंतरचं पूर्ण डोमेन घेतलं तर उत्तम.

सोसायटीचे मेल सगळ्यात अवघड. विषयात एकदा 'मेंट. बिल' असतं, एकदा 'एप्रिल-जून', कधी विषयच नसतो. बिल हिशेबनीस पाठवतो, नोटीस सेक्रेटरी पाठवतात, तीही बऱ्याचदा स्वतःच्या खासगी पत्त्यावरून. इथे विषयावर विसंबून काही हाती लागत नाही. दोघांचेही पत्ते घ्या. आणि कमिटीची निवडणूक झाली, नवे सेक्रेटरी आले, की त्याच आठवड्यात फिल्टरमधला पत्ता बदला. वार्षिक सभेची नोटीस सभेच्या १४ दिवस आधीच येते, आणि सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेरपर्यंत उरकते. ती नोटीस चुकली की मेंटेनन्सवाढीचा ठराव थेट बिलातच दिसतो.

## टप्पा ३: फिल्टर करण्याआधी तोच शोध घेऊन बघा

वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांवर ठिपके असलेलं चिन्ह आहे. ते दाबलं की फॉर्म उघडतो: फ्रॉम, टू, सब्जेक्ट, हॅज द वर्ड्स, डझन्ट हॅव वगैरे. फ्रॉममध्ये पत्ता लिहा आणि क्रिएट फिल्टर नव्हे, सर्च दाबा. समोर जे मेल येतील, तेच पुढे तुमचा फिल्टर पकडणार. निदान वर्षभराचे मेल खाली सरकवून बघा.

दोन प्रश्न विचारा. नको ते मेल आलेत का? हवे ते राहिलेत का? पहिला प्रश्न सगळे विचारतात, दुसरा कोणी विचारत नाही. त्यासाठी शोधपट्टीत नुसतं कंपनीचं नाव टाकून पुन्हा शोधा आणि दोन्ही याद्या ताडून पाहा. दुसऱ्या यादीत एखादं बिल वेगळ्याच पत्त्यावरून आलेलं सापडलं, तर तो पत्ताही जोडायला हवा. याच वेळी फॉर्ममध्ये खाली सर्चच्या पर्यायात स्पॅम आणि बिन धरून शोधायचा पर्याय निवडा. खरी बिलं स्पॅममध्ये पडलेली बऱ्याच घरांत सापडतात.

अटी लिहिताना नेमक्या इथे चुका होतात:

- दोन पत्त्यांमध्ये इंग्रजी ओआर लिहा, दोन्ही अक्षरं कॅपिटल. लहान अक्षरांत लिहिलं तर जीमेल तो साधा शब्द समजतं.
- दोन शब्दांमध्ये नुसती मोकळी जागा सोडली, तर दोन्ही शब्द असलेलेच मेल सापडतात. विषयात 'बिल पावती' लिहिलंत तर फक्त 'बिल' असलेला मेल सुटतो.
- सलग शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घाला.
- जीमेल पूर्ण शब्द जुळवतं, तुकडा नाही. मराठीत हे जास्त जाणवतं. 'बिल' लिहून 'बिलाची' किंवा 'बिलासाठी' असलेला मेल पकडला जाईल असं धरून चालू नका. मराठीत येणाऱ्या मेलसाठी पत्त्याचीच अट ठेवा.
- 'डेट विदिन' रिकामं ठेवा. तारखेची अट नव्या मेलसाठी निरुपयोगी असते. 'वाचलेला', 'अमुक लेबल असलेला', 'इनबॉक्समधला' अशा अटीही नकोत. येणाऱ्या मेलवर अजून काही लागलेलंच नसतं, त्यामुळे तो फिल्टर काहीच पकडत नाही.

> तपासणी: यादीत नको असलेला एकही मेल दिसत असेल तर पुढे जाऊ नका. 'डझन्ट हॅव'मध्ये त्या मेलातला खास शब्द टाकून पुन्हा शोधा.

## टप्पा ४: फिल्टर करा, फक्त लेबलापुरता

यादी मनासारखी आली की तोच फॉर्म पुन्हा उघडा आणि आता क्रिएट फिल्टर दाबा. चौकटींची यादी दिसेल. त्यातल्या फक्त दोन निवडा:

१. अप्लाय द लेबल, आणि शेजारून योग्य लेबल.
२. ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कन्व्हर्सेशन्स, म्हणजे जुन्या मेलवरही लेबल लागेल.

बाकी सगळं मोकळं. 'स्किप द इनबॉक्स' नाही, 'मार्क ॲज रीड' नाही, 'डिलीट' तर नाहीच.

'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'बद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ही चौकट उपयोगाचीही आहे आणि धोक्याचीही. खरी बिलं स्पॅममध्ये जात असतील तर ती लागते. पण विषयात 'बँक' किंवा 'रिफंड' असा शब्द ठेवून ती लावली, तर त्या शब्दाचे सगळे खोटे मेलही स्पॅमची गाळणी ओलांडून तुमच्यासमोर येतील. आयकर परताव्याच्या नावाने येणारे फसवे मेल याच वाटेने आत येतात. ही चौकट फक्त पूर्ण पत्त्याच्या फिल्टरवर वापरा, आणि तरीही मेलातली लिंक दाबण्याआधी सही कुणाची आहे ते बघा.

एका मेलवर दोन फिल्टर लागू पडले तर जीमेल दोन्ही चालवतं. वरचा-खालचा असा क्रम त्यात नसतो. म्हणजे एका फिल्टरने 'बँक' लेबल लावलं आणि दुसऱ्या, जास्त पसरट फिल्टरने मेल इनबॉक्समधून काढला, तर मेल लेबलसकट इनबॉक्सबाहेर जातो. मेल दिसेनासे होण्याचं हे मोठं कारण. म्हणून नवा फिल्टर करताना जुने उघडून बघा.

## टप्पा ५: एक फेरी थांबा

किती थांबायचं ते मेल किती दिवसांनी येतो यावर ठरतं. ऑफरसाठी आठवडा पुरतो. बँक स्टेटमेंटसाठी एक महिना. गॅसचं बिल दोन महिन्यांनी आणि मेंटेनन्स अनेक ठिकाणी तिमाहीने येतं, पण ते पहिल्या ढिगातले असल्याने त्यांना तसंही इनबॉक्समधून हलवायचं नाहीये.

या काळात इनबॉक्समध्ये प्रत्येक मेलच्या डोक्यावर लेबल दिसेल. चुकीचं लेबल दिसलं की लगेच फिल्टर दुरुस्त करा: सेटिंग्ज, मग 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस', तिथे 'एडिट'. उत्तर म्हणून आलेल्या मेलकडेही लक्ष द्या. मूळ मेलला फिल्टर लागला म्हणून त्यावरच्या उत्तराला लागतोच असं नाही. उत्तरही अटीत बसलं तरच लागतो.

## टप्पा ६: आता हलवा, उलट्या क्रमाने

आधी तिसरा ढीग. ऑफरच्या फिल्टरला 'स्किप द इनबॉक्स' लावा. मग दुसरा ढीग: स्टेटमेंट, काँट्रॅक्ट नोट, पावत्या. 'मार्क ॲज रीड' मात्र फक्त ऑफरना. स्टेटमेंट न वाचलेलं राहिलं तर डावीकडे लेबल ठळक दिसतं, आणि काहीतरी आलंय हे कळतं. लेबलाच्या तीन ठिपक्यांतून 'शो इफ अनरेड' निवडलं तर न वाचलेलं काही असेल तेव्हाच लेबल दिसतं. हे सोय म्हणून फार चांगलं आहे.

पहिल्या ढिगाला हात लावू नका. त्याला हवं तर 'स्टार इट' लावा, म्हणजे पैसे भरल्यावर तारा काढायचा.

अँड्रॉइड फोनवर एक जास्तीचं काम आहे. इनबॉक्स टाळून लेबलात गेलेल्या मेलची सूचना आपोआप येत नाही. ॲपमध्ये सेटिंग्ज, तुमचं खातं, 'मॅनेज लेबल्स' असं जा, हवं ते लेबल निवडा, आधी 'सिंक मेसेजेस' चालू करा आणि मग 'लेबल नोटिफिकेशन्स'. सिंक चालू नसेल तर नोटिफिकेशनचा पर्याय कामच करत नाही, आणि लोक इथेच अडकतात.

## आउटलुक आणि थंडरबर्डवाल्यांसाठी

इथे खरे फोल्डर असतात आणि क्रमाला महत्त्व असतं. नियम वरून खाली चालतात. आउटलुकमध्ये 'स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स' ही चौकट असते. नेमका नियम वर ठेवा, पसरट नियम खाली, आणि वरच्याला ही चौकट लावा. थंडरबर्डचे फिल्टर, तसंच आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीतले काही नियम, तो प्रोग्राम उघडा असेल तेव्हाच चालतात. ऑफिसचा संगणक बंद करून लोकलमध्ये बसलात की फोनवर मेल न लावलेलेच येणार.

## देखभाल

पत्ते बदलतात. बँकांनी आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. ज्या बँकांनी मेलचे पत्तेही बदलले, त्यांच्यासाठी लावलेला जुना फिल्टर आता काहीच पकडत नाही. तुमच्या बँकेचा अगदी अलीकडचा मेल उघडून पत्ता ताडून बघा. नवा पत्ता ओआर घालून जोडा, जुना काढू नका, नाहीतर जुने मेल शोधताना अडचण येईल.

नवीन ठिकाणी पत्ता देताना तुमच्या नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एक शब्द जोडून द्या, उदाहरणार्थ अधिक 'स्कूल'. मेल तुमच्याकडेच येतो आणि 'टू'च्या अटीवर फिल्टर लावता येतो, पाठवणारा कोणीही असो. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तिथे साधाच पत्ता द्या.

प्रत काढून ठेवा. फिल्टरच्या पानावर सगळे निवडून 'एक्स्पोर्ट' दाबलं की एक फाइल उतरते. चुकून काही पुसलं गेलं तर तीच 'इम्पोर्ट' करायची.

## सुरक्षेची तपासणी

खात्यात शिरलेला चोर पुष्कळदा एक छोटा फिल्टर लावून ठेवतो: बँकेचे मेल डिलीट करा, किंवा दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. तुम्हाला काहीच दिसत नाही, कारण सूचना येतानाच नाहीशी होते. पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर तसाच चालू राहतो.

म्हणून महिन्यातून एकदा, बिलं भरायला बसाल तेव्हाच, सेटिंग्जमधली दोन पानं उघडा. 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस'मध्ये तुम्ही न लावलेला एखादा फिल्टर आहे का, आणि 'फॉरवर्डिंग'च्या पानावर अनोळखी पत्ता आहे का. सापडला तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या, तो काढून टाका, पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि गूगल खात्याच्या 'युअर डिव्हायसेस'मधून अनोळखी उपकरणं बाहेर काढा. मग बिन आणि 'ऑल मेल'मध्ये बँकेच्या नावाने शोधा. पैसे गेल्याची एखादी जरी सूचना तिथे दिसली, तर आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.